अळ्यांच्या खोलीची चावी

अण्णा, आधी तुमच्या खांद्यावरच्या त्या दोन पायांचं सांगून टाकतो. चूक माझी आहे, आणि माझ्या चुकांमध्ये कबूल करायला हीच सगळ्यांत सोपी आहे.

दशक्रियेला ठेवायला तुमचा मोठा फोटो हवा होता. तुमचा एकट्याचा म्हणून एकही सापडेना. लग्नातल्या फोटोत तुम्ही इतके भेदरलेले आहात की वहिनींनीच तो नको म्हटलं. शेवटी ट्रंकेच्या तळाशी एक धड फोटो निघाला. पडवीसमोर खुर्चीत बसलेले तुम्ही, अंगात कालव्यावरचा खाकी शर्ट, आणि डाव्या खांद्यावर साळुंकी. मी तो मंचरला फोटोवाल्याकडं दिला आणि माझ्या घाईच्या स्वभावाला धरून सांगितलं, "फक्त माणूस ठेव भाऊ, बाकी सगळं काढून टाक."

"काढतो की. कॉम्प्युटरवर काय बी काढता येतं," तो म्हणाला.

त्यानं काढलं. पडवी काढली, खुर्ची काढली, मागं कॅलेंडरवर असतं तसलं निळंशार आभाळ टाकलं, साळुंकी काढली. तिचे पाय तेवढे राहिले. मी कागदात गुंडाळलेली फ्रेम न उघडताच आणली आणि उघडली ती थेट घाटावर, हार घालायच्या वेळेला. दोन पिवळे पाय, नखांसकट, तुमच्या शर्टाला घट्ट धरून. वर पक्षी नाही. मी हार डावीकडं ओढला, तो घसरला. पुन्हा ओढला, पुन्हा घसरला. शेवटी मी फोटोच्या त्या खांद्यावर हात टाकून उभाच राहिलो. लोकांना वाटलं, दाजी फार हळवे झालेत.

मी हळवा झालो नव्हतो अण्णा. मी चिडलो होतो. आज हे लिहायला बसलोय तरी राग उतरलेला नाही.

आपल्याकडं दहाव्याला प्रवचन आटोपलं की माइक पुढाऱ्यांच्या हाती जातो. तुम्हीच दुसऱ्यांच्या दहाव्याला मागच्या रांगेत बसून माझ्या कानाशी लागायचात, "दाजी, मेलेल्या माणसाला उठून जाता येत न्हाई, तेचाच फायदा घेत्यात बघा." आता पाळी तुमची होती. एकामागून एक पाच जण बोलले. निसर्गाचे निस्सीम उपासक. पाखरांना लेकरांसारखी माया लावणारं व्यक्तिमत्त्व. एकानं तर 'पक्षिमित्र' ही पदवीच तुमच्या नावापुढं लावली आणि तुमच्या नावानं एखादी कमान उभारावी असंही सुचवून टाकलं.

हे बोलणारे कोण? ज्यानं आपल्या मुलाच्या साखरपुड्याच्या दिवशी तुमच्या पडवीला ताडपत्री बांधायला लावली, पावण्यांच्या नजरेला तुमचं घर पडू नये म्हणून, तो यातला पहिला. दुसरा तुमच्या मळ्याचा पत्ता सांगताना 'अळीवाल्याच्या घरावरून डावीकडं' असं सांगायचा आणि वर हसायचा. तिसऱ्यानं भावकीच्या बैठकीत ठराव मांडला होता की अण्णा पंगतीला वाढायला नको, त्याचे हात कशाकशात असतात कुणाला ठाऊक. तेच हात आता माइकवर 'मायेचे हात' झाले. मला वाटलं, उठावं आणि विचारावं, की राव, तुम्ही पाखरांविषयी एवढं बोललात, ती पाखरं काय खात होती ते का नाही बोललात? एकाच्याही तोंडून अळी हा शब्द निघाला नाही. माझ्या फोटोवाल्यानं साळुंकी काढली, ह्यांनी अळ्या काढल्या. दोघांनी मिळून तुम्हाला अगदी स्वच्छ करून टाकलं.

आणि मी? मी पण उठलो नाही. माझा हात तुमच्या खांद्यावर अडकलेला होता, असं कारण मी स्वतःला दिलं.

खरं तर सुरुवातीला सगळ्यांत जास्त नाक मीच मुरडलं होतं. तुमच्या बहिणीशी, म्हणजे सुमनशी, माझं लग्न झालं तेव्हा तुम्ही डिंभ्याला कालव्यावर पाणी सोडणारे पाटकरी होतात. गेटाच्या लोखंडी खाचेतल्या घरट्यातून साळुंकीचं पिल्लू खाली पडलं, ते तुम्ही शर्टाच्या खिशातून निरगुडसरला घरी आणलं. दूधपाव दिला तर ते आणखीच वाळायला लागलं. मग तुम्ही गवतातून नाकतोडे पकडत हिंडायला लागलात. खाकी कपड्यातला सरकारी माणूस बांधाबांधानं उड्या मारतोय, हे पाहून आमच्या सासऱ्यांनी देवऋष्याला बोलवायचं काढलं होतं. पुढं पुण्याच्या एका पाखरं विकणाऱ्यानं तुम्हाला युक्ती सांगितली, "कशाला धावता? घरीच पिकवा." तुम्ही त्याच्याकडून लाल चोचीची इवलीशी फिंच पाखरंही घेऊन आलात आणि पडवीत पीक सुरू झालं.

पिकाची रीत तुम्ही मला इतक्यांदा ऐकवली की मंचरच्या माझ्या दुकानात पाण्याच्या मोटारीचं वायंडिंग करताना आजही माझ्या डोक्यात ती चालू असते. धरणावरच्या मासेमारांकडून माशांची मुंडकी आणायची. ती वरच्या डब्यात ठेवायची, झाकण अर्धं उघडं. हिरव्या माश्या येऊन खसखशीसारखी अंडी घालतात. चार-पाच दिवसांत अळ्या टम्म होतात आणि डब्याच्या बुडाला पाडलेल्या भोकांतून आपल्या आपणच खालच्या डब्यात उतरतात. खाली गव्हाचा कोरडा कोंडा. त्यात त्यांना दोन दिवस ठेवायचं. अळीच्या अंगातून आरपार दिसतं. पोटात खाल्लेल्या घाणीची एक काळी रेघ असते. तुम्ही तिला दोरा म्हणायचात. कोंड्यात राहून पोट साफ झालं की दोरा जातो आणि अळी नुसती पांढरी शुभ्र उरते.

"दोरा गेल्याबिगर चोचीत न्हाई," तुम्ही म्हणायचात. "दोऱ्यासकट दिली की पाखरू मान टाकतं. इख असतं त्यात."

मी म्हणायचो, "अण्णा, सभ्य माणसाच्या घरात हे शोभतं का?"

"तुमी जळक्या मोटारी हुंगता, मी माश्या पाळतो. दोगांचं काम गुणगुण ऐकायचंच की."

एकदा मुंडक्यांचा डबा घेऊन तुम्ही गाडीत बसलात, तर बाया नाकाला पदर लावून ओरडायला लागल्या आणि तुम्ही घोडेगावला आपणहून उतरून चालत सुटलात. माझ्या दुकानात पोचलात तेव्हा तुमच्या मागं माश्यांची वरात होती. माझी दोन गिऱ्हाइकं उठून गेली. मी तुम्हाला चहा पाजला तो रस्त्याच्या पलीकडच्या टपरीवर, आणि तुम्ही तो हसत प्यालात. तुम्हाला अपमान कळायचाच नाही, की कळून तुम्ही तो कोंड्यात टाकून ठेवायचात, त्याचा दोरा जाईपर्यंत, हे मला कधी उमगलं नाही.

माझी आणि अळ्यांची ओळख मात्र झाली ती माझ्याच कर्मानं. उन्हाळ्यात त्यांना गारवा लागतो म्हणून तुम्ही एक माठ पाण्याच्या माठाशेजारी ठेवला होता. मी मंचराहून तहानलेला आलो, जावयाच्या ऐटीत स्वतःच तांब्या घेतला, न बघता माठात बुडवला आणि तो बुडेचना. कोंड्यात रुतला. बाहेर काढला तर तांब्याच्या काठावरून आठ-दहा पांढऱ्या अळ्या मान वर करून मला बघत होत्या. मी जी किंकाळी मारली ती तुमची साळुंकी पुढं चार महिने हुबेहूब काढून दाखवत होती. पावणे आले की सुमन मुद्दाम तिला म्हणायची, "दाजी कसे वरडले गं?" आणि ती ओरडायची.

ती साळुंकी. तिच्यापाशी आलो की मला थांबावंसं वाटतं.

आमची मनीषा चार वर्षांची असताना काविळीतून उठली आणि अन्नाला तोंडच लावेना. वाटी दिसली की ओठ घट्ट. डॉक्टर झाले, दृष्ट काढून झाली. मग तुम्ही एक दिवस साळुंकीला खांद्यावर घेऊन मंचरला आमच्या घरी आलात, मनीषासमोर मांडी घातलीत, आणि पाखराला एक अळी भरवलीत. मग मनीषाला एक घास. पुन्हा तिला एक अळी, हिला एक घास. पाखरानं आ केला की पोरगी आ करायची. आठ दिवस तुम्ही दररोज आलात, ड्यूटी संपवून, एवढ्या लांबून. नवव्या दिवशी मनीषानं आपणहून भाकरी मागितली. त्याचे आभार मी तुम्हाला कधी मानले नाहीत. जावयानं मेव्हण्याचे आभार मानायची आपल्यात पद्धत नाही. जावयाबद्दलच्या आपल्या पद्धती फार सोयीच्या असतात अण्णा. सगळ्या जावयाच्या सोयीच्या.

आता तेच सांगायला आलोय.

त्या वर्षीच्या नवरात्राच्या आधी तुमचं आणि वहिनींचं भांडण झालं. आम्ही दोघं तिथंच होतो. वहिनी म्हणाल्या, "घट बसल्यावर ही घाण घरात दिसली तर फिनेलची बाटली वतीन डब्यात. सांगून ठिवते." तुम्ही नुसते हसलात. घट बसले आणि मधेच तुम्हाला कालव्याला पाणी सोडायला डिंभ्याला जावं लागलं. वहिनींचे नऊ दिवसांचे उपास, त्या डब्याला शिवणार नव्हत्या. आम्ही सणाला आलेलो. म्हणून डबा माझ्याकडं आला. तुम्ही मला उजेडात उभं करून तळहातावर अळ्या ठेवून दोरा दाखवलात, जणू मी परीक्षेला बसतोय. "खालच्या डब्यातल्याच द्यायच्या. वरच्यातल्या न्हाई."

मी दोन दिवस अगदी नेमानं दिल्या. नेमानं म्हणजे जरा जास्तच. साळुंकी माझ्या बोटावरून अळी उचलायची आणि पोरं टाळ्या वाजवायची, तेव्हा मला सर्कशीतल्यासारखं वाटायला लागलं. तुमचा चार दिवसांचा साफ माल मी दोन दिवसांत उधळला. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला की बटाट्याच्या लागवडीत एकाची मोटार जळलीय, दाजींना ताबडतोब मंचरला पाठवा. खालचा डबा रिकामा. पाखरं ओरडतायत. गाडीची वेळ झालेली. मी वरच्या डब्यातल्या अळ्या काढल्या, उजेडाला धरल्या. दोरा होता. प्रत्येकीत होता, काळाकुट्ट. मी मनाशी म्हणालो, एका दिवसानं काय होतंय. आणि सगळ्यांना पोटभर घालून गाडी पकडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलो तर तुम्ही पोचलेले होतात. पिंजऱ्याच्या तळाला फिंच पडलेली, एकावर एक. साळुंकी तुमच्या मांडीवर होती. तिला मान वर धरता येत नव्हती. तुम्ही तिच्या हनुवटीखाली बोट घालून मान उचलायचात, बोट काढलं की मान पुन्हा खाली. पुन्हा उचलायचात. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि विचारलंत,

"दाजी, दोरा बघितला व्हता ना?"

"व्हय," मी म्हणालो.

अण्णा, ते खोटं नव्हतं. मी दोरा बघितला होता. इतकी वर्षं मी ह्याच एका गोष्टीला धरून बसलोय. मला विचारलं तेवढ्याचं मी खरं उत्तर दिलं होतं.

मग तुम्हाला वास आला. सातव्या माळेला म्हणून वहिनींनी सकाळीच पडवी फिनेलनं पुसून घेतली होती. तुमची मान त्यांच्याकडं वळली.

"तू वतलंस?"

"न्हाई वो. फरशी पुसली नुसती."

"तू म्हणाली व्हतीस."

"म्हणाले व्हते. वतलं न्हाई."

सुमन रडतच म्हणाली, "वहिनी, असं नको करायला पाहिजे व्हतं. मुकी पाखरं ती." वहिनींनी सगळ्यांसाठी चहा ठेवलेला होता. त्यांनी कप पुढं केला, सुमननं तो घेतला नाही. वहिनी कप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या आणि एकेकाच्या तोंडाकडं बघत गेल्या. तुमच्याकडं, सुमनकडं, मग माझ्याकडं. त्यांची नजर माझ्यापर्यंत आली तेव्हा मी खाली वाकून पायातलं बांधायला लागलो. माझ्या पायात चपला होत्या अण्णा. चपलांना बांधायला काही नसतं.

संध्याकाळी साळुंकी गेली.

आता माझा राग ऐका. हा तुमच्यावरचा आहे, आणि तुम्ही गेलात म्हणून मी तो गिळणार नाही. पाखरांनी मान टाकली होती. दोऱ्यासकट दिल्यावर मान टाकतात हे तुम्हीच मला शिकवलं होतं. पुरावा तुमच्या मांडीवर पडलेला होता आणि तुम्ही वास हुंगत बसलात! फिनेलनं पाखरं अशी मरतात का, हे तुम्ही त्या पुण्याच्या माणसाला एकदा जरी विचारलं असतं तरी कळलं असतं. का नाही विचारलंत? कारण विचारलं असतं तर उत्तर जावयावर आलं असतं. जावयाला दुसऱ्यांदा विचारायचं नसतं. बायकोला शंभरदा विचारता येतं आणि तिनं शंभरदा सांगितलेलं खोटं ठरवता येतं. एकेक अळी उजेडाला धरून बघणारा माणूस तुम्ही, स्वतःच्या बायकोचा चेहरा एकदा उजेडाला धरून बघितला नाहीत. माझ्या एका 'व्हय'पुढं तिच्या दोन 'न्हाई' तुम्हाला हलक्या वाटल्या. कसल्या हो तुमच्या ह्या रीती? आणि मीही त्या रीतींच्या मागं लपलो, सासऱ्यानं दिलेला हक्कच असल्यासारखा.

मग तुम्ही पडवीचं ते टोक भिंत घालून बंद केलंत. जाळीचं दार केलंत. नवी फिंच आणलीत, पुढं आणखी एक पडलेली साळुंकीही मिळाली. दाराला कुलूप घातलंत आणि चावी कमरेच्या करदोट्याला बांधलीत. पोरांना खोली उघडी, पावण्यांना उघडी, मला तर मानानं उघडी. तुमच्या बायकोला बंद. वहिनींनी त्या कुलपाबद्दल कधी एक शब्द काढला नाही. जाळीतून बाहेर कोंडा पडायचा तो मात्र त्याच झाडायच्या. भावकीतल्या बायका त्यांना हसत विचारायच्या, "काय गं, अजून तुज्यावर पहारा हाय का?" मी हे ऐकलंय. मी तेव्हा दारात बसून पोह्यांतले शेंगदाणे वेचून खात होतो.

सांगायच्या संधी मला आल्या नाहीत असं नाही. तुम्ही दुकानात येऊन तासन्‌तास बसायचात. आपण राजकारणावर भांडलो, क्रिकेटवर भांडलो, पाखरं पिंजऱ्यात ठेवावी की नाही यावर तर चौदा वेळा भांडलो आणि ते भांडण अजून अर्धवटच आहे. दरवेळी मला वाटायचं, आता सांगतो. मग कुणाची तरी मोटार यायची.

आणि मग तुम्ही आजारी पडलात. दोन महिने खाटेवर. एक दिवस मला जवळ बोलवलंत, करदोट्याची गाठ सोडवलीत आणि चावी माझ्या हातात ठेवलीत.

"दाजी, पाखरं तुमच्यावर सोपवतो. हिच्याकडं देऊ नका."

वहिनी पेजेची वाटी घेऊन उशाशीच उभ्या होत्या.

मी चावी घेतली. तुमच्या खाटेपासून फाटकापर्यंत वीसेक पावलं असतील. फाटकाशी मी ती वहिनींच्या हातात दिली. हा माझा मोठेपणा समजू नका. मला रोज मंचराहून येणं जमणार नव्हतं, एवढंच. मी त्यांना डब्यांचं समजावून सांगायला लागलो तर त्या म्हणाल्या, "वरचा कुठला, खालचा कुठला, समदं ठाव हाय मला. जाळीतनं दिसतं की. एवढी वर्सं काय डोळं मिटून बसले व्हते?"

त्या दिवसापासून तुमच्या शेवटच्या दिवसापर्यंत तुमची पाखरं वहिनींनी पोसली. मुंडकी त्यांनी मागवली, कोंडा त्यांनी चाळला. मी रविवारी यायचो आणि तुम्ही विचारायचात, "पाखरं कशी हायेत?"

"झकास."

"दोरा बघता ना?"

"बघतो की."

"दाजी, तुमच्याबिगर ह्या घरात कुणाला तेचं काय न्हाई."

हे तुम्ही म्हणालात तेव्हा वहिनी दारात पदराला हात पुसत होत्या. हाताला कोंडा होता अण्णा. तुम्हाला खाटेवरून दिसला नसेल. मला दिसत होता.

दहाव्याला घाटावरून परत आलो, पंगती उठल्या, पुढाऱ्यांच्या गाड्या धुरळा उडवत गेल्या. तुमचा फोटो मी आत कपाटाला टेकवून ठेवला. वहिनी कुठं दिसेनात म्हणून मागं गेलो तर जाळीच्या खोलीत. नव्या पांढऱ्या पातळात, चाळणी हलवत. बाहेर सकाळपासून अख्खा गाव पाखरांवरच्या तुमच्या प्रेमाबद्दल बोलत होता आणि पाखरांना सकाळपासून कुणी खायला घातलं नव्हतं.

"पावणं, जरा बघा," त्या म्हणाल्या. तळहातावर चार अळ्या होत्या. "चष्म्यातनं मला दोरा दिसंना झालाय. तुमची नजर चांगली. गेलाय का?"

मी त्या घेतल्या आणि दाराशी येऊन उजेडाला धरल्या. चारही पांढऱ्या शुभ्र.

"गेलाय," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

"मग बरं. न्हायतर ह्यांच्या मागं पाखराला काय झालं तर लोक म्हणायचे, हिनंच केलं परत."

'परत' म्हणाल्या त्या. मी तिथून निघालो तो थेट गाडीत येऊन बसलो. मंचर येईपर्यंत मी त्या पुढाऱ्यांना मनातल्या मनात शिव्या देत होतो. ताडपत्रीवाल्याला दिल्या, ठराववाल्याला दिल्या, फोटोवाल्याला दिल्या, तुम्हाला दिल्या. घरी पोचलो तेव्हा द्यायला फक्त एक जण उरला होता.

म्हणून आज हे लिहिलं. अण्णा, पाखरं वहिनींनी मारली नाहीत. मी मारली. मनीषाला ज्या साळुंकीनं जेवायला शिकवलं तिच्या चोचीत दोरा मी घातला, बघून घातला, आणि तुम्ही आयुष्यभर कुलूप लावलंत ते चुकीच्या माणसाला. हे तुम्हाला जिवंतपणी सांगायला हवं होतं. तुम्ही मला दुकानातून उठवून घोडेगावापर्यंत चालत पिटाळलं असतंत तरी चाललं असतं. फोटोवरचे ते पाय मी आता पुसायला देणार नाही. त्यांच्याइतकं खरं त्या दिवशी घाटावर दुसरं काही नव्हतं.

इथपर्यंत लिहून झालं आणि मला बरंच हलकं वाटलं. डोळेही भरून आले होते, खोटं कशाला सांगू. मी सुमनला हाक मारली आणि सगळं पहिल्यापासून वाचून दाखवलं. ती गवारी मोडत बसली होती. पायांच्या ठिकाणी ती हसली. तांब्याच्या ठिकाणी हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला. चहाच्या कपाच्या ठिकाणी तिचे हात थांबले आणि शेवटपर्यंत थांबूनच राहिले. वाचून झाल्यावर मी चष्मा काढून तिच्याकडं बघितलं. मला वाटलं, भावाच्या आठवणीनं ती आता रडेल.

तिनं गवारीची सुपली बाजूला सारली आणि ती उठली.

"वहिनीच्या हातचा चहा मी त्या दिवशी घेतला न्हाई," ती म्हणाली. "तुमी बघत व्हता. आणि आता हे कागद अण्णाला लिवताय? तो काय उठून तुमाला जाब विचारणार न्हाई, म्हणूनच तेला सांगताय. जिला सांगायचं ती तिकडं कोंडा चाळत बसलीय. निरगुडसरची गाडी अर्ध्या तासात हाय. चला, घाला चपला. आणि तिथं गेल्यावर खाली वाकू नका."